वाचक विचारतात: खाल्ल्या मिठाला न जागणारी संस्था

मागच्या अंकात कॅनडातल्या एकाती हिऱ्याच्या खाणीवर एक चौकट छापली होती. मुद्दा एवढाच होता की या खाणीच्या पर्यावरणावर नजर ठेवायला एक वेगळी स्वतंत्र संस्था आहे, तिचा सगळा खर्च कंपनी देते आणि तिच्या सात संचालकांपैकी चार जण तिथले आदिवासी समाज नेमतात. चौकटीला कोण विचारतो म्हणा, पण पत्रं आली आणि बरीच आली, काही चिडलेलीसुद्धा. त्यातली निवडक घेतोय.

कंपनीकडून पैसे घेणारी संस्था स्वतंत्र कशी काय? आम्हाला एवढंही कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?
(एक वाचक, नाशिक)

राग बरोबर आहे, आणि पहिला प्रश्न हाच यायला हवा होता. पण जरा थांबा. तुमच्या हाउसिंग सोसायटीचा ऑडिटर बघा, फी सोसायटीच देते ना? पण त्याची नेमणूक सर्वसाधारण सभेत होते, सेक्रेटरीला तो आवडत नाही म्हणून सेक्रेटरी त्याला उद्या घरी पाठवू शकत नाही. म्हणजे पैसे कोण देतो याच्यापेक्षा त्याला काढू कोण शकतो हे बघायचं.

एकातीत नेमकं हेच केलंय. खाण सुरू झाली 1998 मध्ये, कॅनडातली ही पहिली हिऱ्याची खाण, येलोनाइफ शहरापासून ईशान्येला साधारण 300 किलोमीटर. तेव्हा मालक होती बीएचपी. पण खाण सुरू व्हायच्या आधीच, जानेवारी 1997 मध्ये, केंद्र सरकार, तिथलं नॉर्थवेस्ट टेरिटरीजचं सरकार आणि कंपनी यांच्यात पर्यावरण करार झाला आणि त्याच करारातून ही संस्था जन्माला आली. चार संचालक आदिवासींच्या बाजूचे, त्यात आकैचो भागातले डेने, त्लिचो, मेटी आणि कितिकमिओतचे इन्युट असे प्रत्येकाचा एक, आणि उरलेले तीन सगळ्यांनी मिळून नेमायचे. आणि एकदा नेमला की तो नेमणाऱ्याचा वकील नाही, त्याने स्वतःच्या बुद्धीने बोलायचं. त्यामुळे कंपनीला संस्थेचं म्हणणं आवडलं नाही तरी ती कोणाला काढू शकत नाही, आणि पैसे देणं करारातच असल्याने तोंड फिरवायचीही सोय नाही.

आता हा करार लागलाच कशाला, पाण्याचं लायसन्स होतं, जमिनीची लीज होती, माशांची परवानगी होती? तर या सगळ्या कागदांच्या मधे भोकं होती. जंगली प्राणी कुठल्याच लायसन्समध्ये नीट बसत नव्हते, हवा बसत नव्हती, आणि एका खाणीशेजारी दुसरी आली तर दोघींचा मिळून काय परिणाम हे बघणं कोणाच्याच टेबलावर नव्हतं. ती भोकं बुजवायला हा करार.

बरं, ही संस्था स्वतः पाण्याचे नमुने घेत फिरत नाही हेही सांगतो, कारण दोन पत्रांमध्ये तसा समज दिसला. मोजमाप कंपनी करते, तिचे कन्सल्टंट करतात, सरकारी इन्स्पेक्टर येऊन जातात. ही संस्था त्या सगळ्यांचे रिपोर्ट वाचते आणि विचारते की अमुक तळ्यात नमुने का नाही घेतले, मागच्या वर्षीची पद्धत का बदलली, हा निष्कर्ष या आकड्यांवरून निघतो तरी का. आणि वर्षाच्या शेवटी साध्या भाषेत सगळं छापून गावागावात पाठवते. तिची शिफारस मान्य करायची सक्ती कंपनीवर नाही, सक्ती एवढीच की उत्तर लेखी द्यायचं आणि नाही म्हणायचं तर कारण द्यायचं. ऐकायला फुसकं वाटतं. पण बंद खोलीत दिलेला नकार आणि छापून सगळ्यांच्या हातात जाणारा नकार यात फरक पडतो, कंपनीचा माणूस पुढच्या मीटिंगला जातो तेव्हा समोरच्यांनी तो वाचलेला असतो.

एक उणीव मात्र लपवत नाही. एकातीच्या मूळ करारावर सह्या तिघांच्याच आहेत, दोन सरकारं आणि कंपनी. शेजारच्या डायविक खाणीचा करार 2000 मध्ये झाला तेव्हा आदिवासी समाजांनी स्वतः सह्या केल्या. तीन वर्षांत एवढी सुधारणा झाली, पण पहिल्या खेपेला ती सुचली नाही हेही खरं.

नकाशावर बघितलं, खाणीच्या आसपास एकही गाव नाही. मग हा गाजावाजा कोणासाठी?
(एक वाचक, सोलापूर)

गाव नाही म्हणजे माणूस नाही असं तिथे नसतं. सगळ्यात जवळचं वेक्वेती हे त्लिचोंचं गाव साधारण एकशे ऐंशी किलोमीटरवर आहे, कबूल. पण ही जमीन शिकारीची आहे, पिढ्यान्‌पिढ्या लोक कॅरिबूच्या मागे इथपर्यंत येत आलेत. कॅरिबू म्हणजे रेनडिअरच, पण रानातला. खाणाऱ्या माणसाचं घर लांब असलं तरी त्याचं जेवण इथेच चरतं.

दुसरं म्हणजे पाणी. एकातीत हिऱ्यांचा किंबरलाइट खडक बऱ्याच ठिकाणी तळ्यांच्याच खाली सापडला, त्यामुळे आधी मासे काढायचे, मग तळं उपसायचं आणि मग खोदायचं. खडक दळून हिरे काढले की उरलेला गाळ लाँग लेक नावाच्या तळ्यात साठवला, तिथून सोडलेलं पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात असं करत लॅक द ग्रा या मोठ्या तलावात पोचतं, तिथून कॉपरमाइन नदी निघते आणि थेट उत्तर समुद्राला मिळते, आणि जिथे मिळते तिथे कुग्लुक्टुक हे इन्युटांचं गाव आहे जे हेच नदीचं पाणी पितं. स्फोटकांमधून येणारा नायट्रेट, खोल खडकातल्या खारट पाण्यातून येणारं क्लोराइड, हे खालच्या तळ्यांमध्ये वाढलेलं मोजमापात दिसलं. अंतर खूप आहे, पाणी प्रचंड आहे, कुग्लुक्टुकला पोचेपर्यंत ते पातळ होतं हे ठीक, पण नळ उघडणाऱ्याला हे कोणीतरी आकड्यांनिशी सांगायला हवं ना, आणि ते सांगणारा कंपनीचा नोकर नसावा.

एवढी जागरूक संस्था होती तर कॅरिबू का संपत आलेत? नेटवर वाचलं की नव्व्याण्णव टक्के गेले.
(एक वाचक, ठाणे)

हे पत्र वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. कारण आकडा बरोबर आहे. या भागातून जाणारा बॅथर्स्ट कळप 1986 मध्ये साधारण 4 लाख 70 हजारांचा होता. 2009 मध्ये तो 32 हजारांच्या आसपास, 2018 मध्ये 8,200 आणि 2021 मध्ये जेमतेम 6,240. घसरण खाणीच्या आधीच सुरू झाली होती हे खरं, कळप चाळीस-पन्नास वर्षांच्या चक्रात वरखाली होतात असं म्हातारेही सांगतात आणि शास्त्रज्ञही, शिवाय लांडगे, शिकार, बदलतं हवामान, रस्ते असं सगळंच आहे. एकट्या खाणीवर खापर फोडता येत नाही.

पण खाण निर्दोषही सुटत नाही. संशोधकांनी एकाती आणि डायविकच्या भोवती कॅरिबू कुठे दिसतात ते मोजलं तर खाणीपासून साधारण 14 किलोमीटरपर्यंत ते कमी थांबतात असं निघालं. खाणीची जागा नकाशावर टिकलीएवढी, आणि जनावर टाळतं ते चौदा किलोमीटरचं वर्तुळ! संशय जातो धुळीवर, मोठमोठ्या ट्रकांच्या रस्त्यावरून उडालेली धूळ दगडफुलावर बसते आणि तेच कॅरिबूचं खाणं. (हो, आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्याचेच भाऊबंद.)

संस्था यावर काय करू शकत होती? विचारत राहणं, धूळ मोजा, रस्त्यावरची वाहतूक कॅरिबू आले की थांबवा, दोन खाणींचे आकडे एकत्र बघा. ते तिने केलं. पण खाण थांबवायचा अधिकार तिला नाहीच, तो कधी दिलाच नव्हता. आणि यातली चीड आणणारी गोष्ट ही की कळप घटला तेव्हा पहिली बंदी आली ती शिकारीवर, 2010 पासून, म्हणजे ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांच्यावर, आणि ट्रक चालूच राहिले. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेवरचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे आणि त्याला समाधानकारक उत्तर मी वाचलेलं नाही. त्लिचो सरकारने 2016 पासून स्वतःचीच माणसं पाठवायला सुरुवात केली, उन्हाळ्यात कॉन्ट्वॉयटो तलावापाशी तंबू ठोकून जनावरांच्या मागे पायी फिरायचं, तब्येत बघायची, पिल्लं बघायची, लांडगे-अस्वलं बघायची, लिहून ठेवायचं. मला विचाराल तर हेच पुढचं पाऊल आहे, दुसऱ्याचे रिपोर्ट तपासण्यापेक्षा स्वतःच मोजणं.

म्हाताऱ्या माणसांना मासे चाखायला देऊन पर्यावरण तपासतात म्हणे, हे सायन्स की करमणूक?
(एक वाचक, पुणे 30)

पुणे 30 वरून असंच पत्र येणार! अहो, डायविकच्या पर्यावरण तपासणीत हे खरंच आहे. लॅक द ग्राच्या काठावर कॅम्प लागतो, पाच समाजांतले वडीलधारे आणि तरुण येतात, मासे पकडून चिरतात, यकृत बघतात, चरबी बघतात, शिजवून खातात. आणि पाणी कसं तपासतात? चहा करून. चव बघायची, कपात वर तवंग येतो का ते बघायचं. सोबत शास्त्रज्ञ त्याच माशांचे नमुने लॅबला पाठवतात. लॅब पारा किती ते सांगेल, पण हा मासा मी नातवाला खायला घालीन का, हे लॅब सांगत नाही, आणि लोक तलाव वापरणार की सोडून देणार हे त्यावरच ठरतं. डायविकने वापरून झालेल्या खड्ड्यांत गाळ भरून ते परत तलावाला जोडायचा प्रस्ताव आणला तेव्हा तिथल्या प्रकल्पांचे परिणाम तपासणाऱ्या मंडळाने अट घातली की तिथलं पाणी लोकांच्या पारंपरिक वापरायोग्य असलं पाहिजे, त्याशिवाय जोडायचं नाही. म्हणजे चहाच्या कपाला आता कागदावर वजन आहे.

माझ्या अंगठीतला हिरा तिथला आहे का, कसं कळेल?
(एक वाचक, बोरिवली)

दुकानदाराकडे मूळ दाखवणारं सर्टिफिकेट असेल तर कळेल, नाहीतर नाही. जगातले बहुतेक हिरे सुरतेत पैलू पाडून जातात, तिथे सगळं एकत्र होतं.

आपल्याकडे असं काही कधी झालंय का?
(एक वाचक, पालघर)

तुम्ही पालघरचे असून हे विचारताय? डहाणू! सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून 1996 मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण झालं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, 2019 मध्ये गेले तोवर तेच होते. वारली गावं, चिकूच्या वाड्या आणि मध्ये औष्णिक वीजकेंद्र. धुरातला गंधक काढायची यंत्रणा बसवा असं प्राधिकरणाने 1999 मध्ये सांगितलं, कंपनी टाळत राहिली, प्राधिकरणाने बँक गॅरंटी भरायला लावली आणि 2007 मध्ये यंत्रणा चालू झाली. म्हणजे एकातीवाल्यांच्या हातात नुसता पेन, डहाणूत आदेश द्यायचा अधिकार. पण डहाणूत सदस्य नेमणार सरकार, वारल्यांनी नेमलेला सदस्य असावा अशी सोयच नाही. त्याच प्राधिकरणाने 2023 मध्ये वाढवण बंदराला ना हरकत दिली, मच्छीमारांचा विरोध असताना. अधिकार असूनही शेवटी खुर्चीत कोण आहे यावर येतंच.

बाकी आपल्या खाणींचं तुम्हाला माहीतच आहे, परिणामांचा अहवाल कंपनीने नेमलेला कन्सल्टंट लिहितो आणि अटी पाळल्या की नाही हे दर सहा महिन्यांनी कंपनी स्वतःच कळवते.

कंपनी विकली किंवा बुडाली तर संस्थेचं काय?
(एक वाचक, एडमंटन, कॅनडा)

एकाती बीएचपीने 2013 मध्ये डोमिनियनला विकली, डोमिनियन 2020 मध्ये कर्जात अडकून कोर्टात गेली, 2021 मध्ये नवी कंपनी आली आणि 2023 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बर्गंडीने ती घेतली. करार खाणीसोबत पुढे गेला, म्हणून संस्थाही टिकली. आणि मालक बदलत जातात तेव्हा वीस वर्षांपूर्वी काय कबूल केलं होतं हे लक्षात ठेवणारं टेबल दुसरं कुठलं उरतं?

करार नसला तर काय होतं ते येलोनाइफच्या वेशीवरच आहे. जायंट सोन्याची खाण, 1948 ते 2004. भट्टीतून निघालेला आर्सेनिक बर्फावर पडायचा, त्या बर्फाचं पाणी पिऊन 1951 मध्ये डेने वस्तीतलं एक मूल गेलं. मालक कंपनी 1999 मध्ये दिवाळखोर झाली आणि 2 लाख 37 हजार टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड जमिनीखाली तसाच राहिला, आता तो गोठवून ठेवायचा आहे, कायमचा, सरकारी पैशाने. तिथे देखरेख मंडळ नेमायचा करार झाला 2015 मध्ये. खाण बंद पडून तेव्हा अकरा वर्षं झाली होती.