हवाई दलाच्या सीपीएसएस चाचणीची घरी तयारी करता येते का? क्लास लावावा का?

तुझा प्रश्न मला समजला तो असा: एनडीएची लेखी परीक्षा निघाली, पहिली पसंती हवाई दल, आणि गांधीनगरच्या निवड मंडळाचं बोलावणं आलंय. वैमानिकांची सीपीएसएस चाचणी (कॉम्प्युटराइज्ड पायलट सिलेक्शन सिस्टिम, म्हणजे वैमानिक निवडायची संगणकावरची परीक्षा) आयुष्यात एकदाच देता येते हे कळल्यापासून तुझी झोप उडालीय. त्यात पुण्यातला एक क्लास ‘सिम्युलेटरवर सराव, निवडीची हमी’ म्हणून पंधरा हजार मागतोय. भरावेत का, आणि घरी काय करता येईल? (बारावीत आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.)

आधी माझं सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुझं तू ठरव. मी म्हैसूरच्या मंडळात दिली ती सीपीएसएसच्या आधीची जुनी चाचणी, पीएबीटी (पायलट अ‍ॅप्टिट्यूड बॅटरी टेस्ट). ती पास झालो, पण वैद्यकीय तपासणीत बाहेर पडलो. का, ते पुढे येईलच. आता चाकणला नोकरी करतो. माझी भाची अलीकडे नवी सीपीएसएस देऊन पास झाली. तिची तयारी आमच्याच घरात झाली. आत नेमकं काय विचारलं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उमेदवारांनी ते बाहेर बोलायचं नसतं. तेव्हा यूट्यूबवर कोणी ‘हुबेहूब प्रश्न’ विकत असेल तर त्याच्या नादी लागू नकोस.

थोडी पार्श्वभूमी. पीएबीटीचे तीन भाग होते: विमानातल्या तबकड्या वाचण्याची लेखी परीक्षा आणि दोन यंत्रं. त्याच कल्पनेवर पुढे संगणकावरची सीपीएसएस आली. सीपीएसएसची मूळ कल्पना डॉ. कलामांची, आणि ती घडवली डीआरडीओच्या (सरकारी संरक्षण संशोधन संघटनेच्या) दोन संस्थांनी: दिल्लीची मानसशास्त्र संस्था आणि बंगळुरूची विमानविषयक संस्था एडीई. यंत्रं बदलली, संगणक आला, पण तपासायची गोष्ट तीच आहे. हात, पाय, डोळे, कान एकाच वेळी कामाला लावले की तुझं डोकं कुठे आधी तुंबतं, ते त्यांना बघायचं असतं.

‘एकदाच’ हे खरं आहे. सीपीएसएस किंवा पीएबीटीत एकदा नापास झालेल्याला फ्लाइंग शाखेसाठी पुन्हा बसता येत नाही. एनडीएतून गेला काय, पुढे पदवीनंतर एएफकॅटमधून (हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून) आला काय, नियम तोच. पण म्हणून सैन्याचं दार बंद होत नाही. मंडळाने शिफारस केली असेल तर भूदल, नौदल आणि हवाई दलाची ग्राउंड ड्युटी (विमान न उडवणारी, जमिनीवरची कामं) शिल्लक राहते. एनडीएच्या अलीकडच्या जाहिरातींत हवाई दलाच्या 120 जागांपैकी 92 फ्लाइंगच्या आणि बाकीच्या ग्राउंड ड्युटीच्या आहेत. अर्जातला पसंतीक्रम नीट भरला असशील तर इतकी धास्ती घ्यायचं कारण नाही.

आता कोणताही क्लास पहिल्या दिवशी सांगत नाही ते सांगतो. आधी टेप घे आणि स्वतःला मोज. उंची किमान 162.5 सेंटिमीटर हवी. भिंतीला पाठ टेकून सपाट स्टुलावर ताठ बस आणि बैठकीपासून टाळूपर्यंत माप: 81.5 ते 96 सेंटिमीटरच्या आत बसायला हवं. मग जमिनीवर भिंतीला टेकून पाय सरळ पसरून बस. भिंतीपासून टाचेपर्यंत किमान 99, कमाल 120. शेवटी खुर्चीत बसून पार्श्वभागापासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत माप. हे 64 सेंटिमीटरच्या वर गेलं की संपलं. माझं तिथेच संपलं. मी सहा फूट तीन इंच आहे आणि त्यातला बराचसा भाग मांडीत आहे. यात कोणाची मनमानी नाही. आणीबाणीत आसन तोफेसारखं वर उडतं तेव्हा लांब मांडीच्या माणसाचे गुडघे कॉकपिटच्या कडेवर आपटतील, आणि आखूड पायांच्या माणसाचा पाय रडरच्या (शेपटीच्या सुकाणूच्या) पेडलपर्यंत पुरणार नाही.

घरचं माप कडेवर येत असेल तर दुसऱ्या कोणाकडून पुन्हा मोजून घे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नंबर आणि रंगओळखही तपासून घे. नेहमी चष्मा वापरणाऱ्यांना एनडीएतून हवाई दलात घेत नाहीत, आणि रंगांधळेपणा असेल तर फ्लाइंगचा विषयच नाही. सीपीएसएस आधी होते आणि वैद्यकीय तपासणी नंतर, म्हणून पोरं इकडे महिनोन्‌महिने जॉयस्टिक फिरवत बसतात आणि तिकडे टेपवर अडकतात.

आता तयारी. अभ्यास करून शंभर टक्के फरक पडतो असा एकच भाग आहे: तबकड्या. माझ्या वेळी परीक्षेआधी अधिकारी स्वतः एकेक तबकडी समजावून सांगत. पण त्या वेळी पहिल्यांदा ऐकणारा आणि घरून पाठ करून आलेला, यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. तबकड्या सहा: वेग, उंची, चढ-उताराचा दर, कृत्रिम क्षितिज, वळण दाखवणारी आणि दिशा दाखवणारी.

सगळ्यात जास्त मुलं चुकतात उंचीच्या तबकडीवर. घड्याळासारखीच दिसते, पण आकडे 0 ते 9. आखूड काटा हजार सांगतो, लांब काटा शंभर. समज, लांब काटा 9 वर आहे आणि आखूड काटा 5 च्या जवळजवळ टेकलाय. घाईत कोणीही 5900 फूट लिहितो. उत्तर आहे 4900. लांब काटा 9 वर असताना आखूड काटा पुढच्या आकड्याला चिकटलेलाच दिसणार, कारण पाच हजार व्हायला शंभरच फूट बाकी आहेत. सवय अशी लाव की आधी लांब काटा वाचायचा, आणि तो 8-9 वर असेल तर आखूड काट्याचा मागचा आकडा घ्यायचा. भाचीने जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर ही तबकडी काढली होती, दोन काटे टाचणीने लावले होते, आणि घरात येईल-जाईल त्याच्या हातात द्यायची: ‘काटे फिरव, मी सांगते.’ आमच्या आईला शेवटी शेवटी तिच्याआधी उत्तर यायला लागलं.

कृत्रिम क्षितिजात मेख वेगळी आहे. वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन, मधे विमानाची लहानशी खूण. ती खूण जागची हलत नाही, हलते ती क्षितिजाची रेघ. विमान उजवीकडे कललं की रेघेचं उजवं टोक वर जातं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं विमान डावीकडे कललंय. खिडकीत उभा राहून मान उजव्या खांद्याकडे कलवून समोरच्या गच्चीची कड बघ, लगेच पटेल. नाक वर केलं की रेघ खुणेच्या खाली जाते आणि निळं जास्त दिसतं. एवढं पक्कं झालं की बाकीच्या तबकड्यांशी जोडून वाचायला शीक. निळं जास्त, उंची वाढतेय, चढ-उताराचा काटा शून्याच्या वर, वेग कमी होतोय: विमान चढतंय. प्रश्नाचा दुसरा प्रकार हाच असायचा, की सगळ्या तबकड्या मिळून विमान काय करतंय ते ओळखा.

दिशेच्या तबकडीवर शेवटचं शून्य गाळलेलं असतं: 3 म्हणजे 30 अंश, 12 म्हणजे 120, 33 म्हणजे 330. तोंडी गणितं करत जा. 330 वर असलेलं विमान उजवीकडे 90 वळलं तर? 420, वजा 360, म्हणजे 60. 40 वरून डावीकडे 90? उणे 50, अधिक 360, म्हणजे 310. एसटीत, रांगेत, कुठेही करता येतं. वेग नॉटमध्ये असतो (1 नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर), पण सहसा रूपांतराची गरज पडत नाही. वळणाच्या तबकडीत खाली जी गोटी असते ती मधोमध असली तर वळण नीट चाललंय. बाहेरच्या बाजूला गेली तर विमान बाहेर घसरतंय, आतल्या बाजूला गेली तर आत.

आता यंत्रं. माझ्या वेळच्या पहिल्या यंत्रात पडद्यावर एक ठिपका भरकटत असायचा आणि तो मधल्या वर्तुळात ठेवायचा. वर-खाली जॉयस्टिकने, डावीकडे-उजवीकडे पायाच्या पेडलने. एवढ्यावर भागत नाही. मधेच लाल दिवा लागे, मधेच भोंगा वाजे, आणि ते बंद करायला डाव्या हाताने खटका ओढायचा. दुसऱ्या यंत्रात ठिपक्यांची वेडीवाकडी वाट पडद्यावरून सरकत येई आणि आपली खूण तिच्यावर ठेवायची. त्यात खोच अशी की हातातली दांडी खुणेची जागा ठरवत नाही, वेग ठरवते. दांडी उजवीकडे धरून ठेवली तर खूण उजवीकडे जातच राहते, म्हणून पोहोचायच्या आधीच दांडी मागे आणावी लागते.

दोन्हीकडे मुलं पडतात ती एकाच कारणाने: जास्तीची दुरुस्ती. हिवाळ्यात गिझरचा नळ फिरवताना होतं तेच. पाणी गार म्हणून जोरात फिरवला, मग चटका बसला म्हणून उलटा फिरवला, आणि बादली भरेपर्यंत हेच. ठिपका डावीकडे गेला की थोडासा हलका दाब द्यायचा, लगेच मधे यायचं, काय झालं ते बघायचं, मग पुढचा दाब. ठिपका वर्तुळाच्या बाहेर गेला म्हणून घाबरलास तर दहा सेकंद जातात. शांतपणे आणलास तर दोन. दिवा लागला की मुलं दिव्याकडे बघतात. नजर ठिपक्यावरच ठेवायची, दिवा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो.

याचा घरी सराव होतो का? होतो, पण बेतानेच. फ्लाइटगिअर हा फुकटात मिळणारा सिम्युलेटर आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो. कोणाकडून जॉयस्टिक उसनी मिळाली तर उत्तम. त्यातलं सेस्ना हे छोटं विमान घे आणि एवढंच कर: उंची 3000 फूट, दिशा 90, दोन्ही न हलू देता सरळ उडव. नंतर उंची न सोडता सावकाश वळव. धावपट्टीवर उतरवायच्या नादी लागू नकोस, त्यात वेळ जातो आणि इथे उपयोग नाही. यामुळे तबकड्याही जिवंत दिसतात, पुस्तकातल्या चित्रासारख्या नाहीत. टेबल टेनिस खेळत असशील तर चालू ठेव. मोबाइलवरचे ‘सीपीएसएस’ नावाचे खेळ मला फारसे पटत नाहीत. बोटाने काचेवर खेळताना ना दांडीचा अंदाज येतो, ना पायाला काही काम असतं.

दोन कामं एका वेळी करायचा सराव मात्र रोज कर. एक सांगतो, भाचीला याचा फार त्रास व्हायचा, म्हणजे उपयोगीच असणार. कोणीतरी तीन सेकंदांनी एकेक आकडा म्हणायचा, आणि तू प्रत्येक नव्या आकड्यात फक्त त्याच्या आधीचा आकडा मिळवून बेरीज सांगायची. 3, 5, 8, 2 असे आकडे आले तर तुझी उत्तरं 8, 13, 10. आपण आपलंच उत्तर पुढच्यात मिळवून बसतो, तिथेच गंमत आहे. हे जमलं की हातात पेन्सिल घेऊन वळणदार रेघेवरून रेघ ओढत हेच कर. चुकलास तर थांबायचं नाही, पुढचा आकडा पकडायचा. चुकीवर रेंगाळणारा माणूस पुढच्या तीन गोष्टी घालवतो.

बाकीचं पटकन. सीपीएसएसच्या आदल्या रात्री बराकीत गप्पांचा फड रंगतो, तू झोप. सूचना देतात त्या शेवटपर्यंत ऐक, ‘मला येतं हे’ म्हणून कान बंद करू नकोस. यंत्राची दांडी तुझ्या सिम्युलेटरच्या उलट चालत असेल तर? सरावाची फेरी मिळाली तर ती गुण मिळवायला नको, दांडी किती हलवली की किती फरक पडतो ते बघायला वापर.

आणि क्लास. आधी मुलाखत, मानसशास्त्राच्या चाचण्या आणि मैदानावरचे गटकाम यातून मंडळाने तुझी शिफारस करायला हवी; बहुतेक जण तिथूनच परत येतात. पैसे घालायचेच असतील तर त्या तयारीला घाल, तेही हमी न देणाऱ्या क्लासला. तरी सिम्युलेटरवाल्यांकडे जायचंच असेल तर भरण्याआधी एकदा यंत्रावर बसू दे म्हणावं. पायाला पेडल आहेत का बघ, आणि मधेच दिवा-भोंगा वाजतो का बघ. लॅपटॉप आणि गेम खेळायचा रिमोट एवढंच दाखवलं, तर तेवढं तुझ्या एखाद्या मित्राकडे फुकट मिळेल.