तपासणीतली जुनी एनफिल्ड ॲक्शन: नळी काढण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न असा: ओहायोत एका घरगुती लिलावात मॉडेल १९१७ एनफिल्ड या जुन्या अमेरिकी लष्करी रायफलीची, एडिस्टोन कारखान्याचा शिक्का असलेली ॲक्शन (रिसीव्हर म्हणजे मधला पोलादी सांगाडा, आणि त्यात सरकणारा बोल्ट) मिळाली. पुढे जाडजूड गोल नळी आहे, लाकूड नाही, साईट नाही. विकणारा म्हणाला, लष्कराच्या काडतूस तपासणीतली आहे. आता हिची .३०० विंचेस्टर मॅग्नम या जास्त ताकदीच्या काडतुसाची रायफल करावी, तिच्या मूळ .३०-०६ काडतुसाची टार्गेट रायफल करावी की विकून टाकावी?

माझं मत आधीच सांगतो. नळी नीट तपासून होत नाही तोवर तिला पान्हा लावू नका, आणि मॅग्नमचा विचार सोडून द्या.

नळी आधी नीट पुसून बघा. तिच्यावर अंतर ठेवून एकाच व्यासाच्या दोन कड्या आहेत का? असतील तर ती मॅन बॅरल, म्हणजे काडतुसं तपासायची खास नळी असू शकते. मॅसॅच्युसेट्सच्या डॉ. फ्रँकलिन मॅन यांनी ही पद्धत बसवली: जाड नळी कड्यांवर तोलून व्ही आकाराच्या खाचेत ठेवायची, गोळी सुटली की नळी सरळ मागे सरकते आणि पुन्हा त्याच जागी आणता येते. नेमबाजाचा हात, खांदा, लाकडाचा ताण हे सगळं बाजूला पडतं आणि राहतो तो फक्त काडतुसाचा दोष. फिलाडेल्फियाचं फ्रँकफर्ड आर्सेनल, म्हणजे लष्कराचा काडतुसं बनवण्या-तपासण्याचा कारखाना, १९७७ मध्ये बंद झालं. अशा ठिकाणच्या खुणा, आद्याक्षरं, नळीचा क्रमांक तुमच्या तुकड्यावर असतील तर तो जसा आहे तसाच ठेवा. गंज काढायला वायर ब्रश नको. तेल आणि मऊ कापड पुरे. अशी वस्तू जमवणारे लोक आहेत, आणि कापलेल्या ॲक्शनला त्यांच्या लेखी किंमत नसते.

कड्या, खुणा काहीच नसतील तर रायफल करायला माझी हरकत नाही. पण एडिस्टोनचं एक दुखणं माहीत असू द्या. या कारखान्याने ११ लाखांहून जास्त रायफली बनवल्या आणि नळ्या फार घट्ट आवळून बसवल्या. त्या जोर लावून सोडवताना रिसीव्हरच्या पुढच्या कड्याला (जिथे नळी आटे फिरवून बसते) तडा जाऊ शकतो. तुमच्या ॲक्शनची मूळ नळी कधीतरी निघालेली आहे, म्हणजे तडा जायचा असेल तर तो तेव्हाच गेलेला असू शकतो. आताची नळी काढायचीच ठरली तर लेथवर रिसीव्हरच्या लगत नळीला खोल चर पाडून घ्या, खांद्याचा दाब सुटतो आणि मग ती मुकाट्याने फिरते. नळी त्यात वाया जाते, हे धरून चाला.

नळी निघाली की रिसीव्हर रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा. सकाळी कोरडा पुसा आणि स्पिरिटमध्ये कालवलेली खडूची पूड त्यावर पातळ लावा. तडा असेल तिथे पांढऱ्यावर केसासारखी ओली काळपट रेघ उमटते. नाही उमटली तरी इंजिन दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने तडे शोधायची) तपासणी करून घ्या, कारण डोळ्याला न दिसणारा तडाही धोक्याचाच.

मग लग, म्हणजे बोल्टला कुलूप घालणारे पुढचे दात, जिथे टेकतात त्या रिसीव्हरच्या आतल्या खाचा बघा. तपासणीतल्या ॲक्शनने नुसती साधी काडतुसं नव्हे, मुद्दाम जास्त दाबाची प्रूफ काडतुसंही झेललेली असू शकतात. दातांच्या डॉक्टरकडची वाकडी सुई टेकण्याच्या पृष्ठभागावरून हलकेच ओढा. सुई अडखळली, पायरी लागली, तर लग मागे रुतलेत. तो रिसीव्हर वापरून गोळी झाडायची नाही, तो शोभेला ठेवा. कड्यात दाबमापकासाठी भोक पाडलेलं असेल तरी हाच निर्णय. बोल्टच्या तोंडावर फायरिंग पिनच्या भोकाभोवती खड्ड्यांचं वर्तुळ दिसलं तर ती गॅस गळतीची खूण आहे. तेवढ्यासाठी बोल्ट बदलता येतो.

सगळं ठीक निघालं तर .३०-०६ च करा. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, मापायच्या १.९४० इंचाच्या गो गेजवर बोल्ट मिटला पाहिजे, त्याहून किंचित लांब नो-गो गेजवर मिटता कामा नये. मॅग्नमला मी नाही म्हणतो ते यासाठी: .३०-०६ चा कमाल दाब ६०,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), .३०० विंचेस्टरचा ६४,०००. शिवाय काडतुसाच्या बुडाचा व्यास .४७३ वरून .५३२ इंचावर जातो, म्हणून बोल्टवरचा रेटा नुसत्या दाबाच्या फरकापेक्षा कितीतरी वाढतो. बोल्टचं तोंड कोरावं लागेल, काडतूस ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर घासावा लागेल. ज्या ॲक्शनने आधी काय सोसलंय हे कुणालाच माहीत नाही तिच्यावर हा भार मी टाकणार नाही. मॅग्नमच हवी असेल तर पी-१४ ही याच घडणीची ब्रिटिश रायफल शोधा, तिच्या .३०३ काडतुसाच्या बुडाला रुंद कड (रिम) असल्यामुळे बोल्टचं तोंड मुळातच मोठं आहे.

कागदपत्रांचं: १९६८ च्या अमेरिकी कायद्यात रिसीव्हर म्हणजेच बंदूक. दुसऱ्या राज्यात विकायची तर परवानाधारक विक्रेत्यामार्फतच. क्रमांक घासला जाईल असं पॉलिश कुणालाही करू देऊ नका. साताऱ्याच्या काकांकडे पाठवण्याचं तुम्ही शेवटी विचारलंय, तर तो विषय बंदच करा. इथून रिसीव्हर बाहेर न्यायला निर्यात परवाना लागतो, आणि भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटा भागही शस्त्रच धरला जातो. सामानात तो सापडला तर काकांना पोलिसांना उत्तरं देत बसावं लागेल.