बाहेर धीट, घरी गप्प

"मॅडम, बाहेर मी कुणाला ऐकत नाही, घरात मात्र तोंडाला कुलूप." मी समुपदेशक; शिक्षिका, नर्स, बँकेतल्या अधिकारी, कितीजणींकडून हे ऐकलंय. पाठोपाठ येतं ते, "म्हणजे मी ढोंगीच ना?"

ढोंगी कसली? धीटपणा ही सवय असते, आणि सवय जिथे लागली तिथेच ती आधी चालते. म्हणून बालपणीच्या जखमा उकरत बसण्यापेक्षा मी हातातल्या कामाकडे बघते. काही सहकाऱ्यांना हे उथळ वाटतं. वाटो.

१९ वर्षांची एक मुलगी आली. स्ट्रीट फुटबॉल खेळणारी, लहान मुलींना शिकवणारी, महिला सक्षमीकरणाच्या कार्यक्रमांना हमखास बोलावली जाणारी. सरावानंतर एका चिमुरडीनं तिला विचारलं होतं, "ताई, तू आम्हाला सांगतेस घरी बोला. तू बोलतेस का?" तेव्हापासून हिची झोप उडालेली. होमलेस वर्ल्ड कप, म्हणजे बेघर आणि वंचित खेळाडूंची जागतिक स्ट्रीट फुटबॉल स्पर्धा. तिच्या निवड शिबिराला जायचं होतं, वडील "नको" म्हणाले आणि हिनं विषयच सोडला. त्या स्पर्धेत खेळाडूला आयुष्यात एकदाच उतरता येतं. हे सगळं तिनंच मला सांगितलं, रडता रडता.

पहिल्या तीन भेटी अशाच गेल्या. चौथ्या वेळी मी कागद-पेन्सिल पुढे सरकवली. "तुझं मैदान काढून दाखव." फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, ते त्या दिवशी कामी आलं.

तिनं चौकोन काढला. २२ मीटर लांब, १६ रुंद, एका संघाच्या चौघी, ७-७ मिनिटांचे दोन डाव. मग कडेची रेघ दाबून दोनदा गिरवली.

"ही काय?"

"बोर्ड, म्हणजे कडेची बुटकी भिंत. गोल सोडून सगळीकडे."

"बॉल त्याला लागला की आउट?"

ती पहिल्यांदाच हसली. "छे! लागला की परत येतो. समोर कुणी अडवून उभी असली की आम्ही मुद्दाम बोर्डवर मारतो."

"आणि बाबांचं 'नको'?"

पेन्सिल थांबली. बराच वेळ ती त्या जाड रेघेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी आउट समजले."

हा प्रश्न सुचला याचं मला अजून बरं वाटतं. पण उत्तर तिच्या पायांत आधीपासून होतं.

पुढचं काम साधं होतं, तुम्हीही करून बघा. एका वेळी एकच वाक्य, तेही सगळ्यात मोठ्या मागणीचं नव्हे. समोरचा दमून आलेला असताना नको. "नको" आलं की भांडायचं नाही, गप्पही बसायचं नाही, "का?" विचारायचं. त्या "का"च्या उत्तरातून पुढचा कोन सापडतो. हिच्या वडिलांची अडचण खेळ नव्हतीच, रात्रीचा प्रवास होती. आणि संतापून बोललात तर बॉल बोर्डवरून उडून खरंच बाहेर जातो, हे तिचंच वाक्य. घरात मारहाण होत असेल तर मात्र हे प्रयोग नकोत. तिथे आधी सुरक्षित जागा आणि मदतीला माणसं हवीत.

शेवटच्या भेटीपर्यंत परवानगी मिळालेली नव्हती. वडिलांनी शिबिराची तारीख तेवढी विचारली होती, तीही आईकरवी.

"आणि त्या चिमुरडीला काय सांगितलंस?"

"म्हटलं, ताई दोनदा बोलली. रविवारी तिसऱ्यांदा बोलणारे."