सेंट्रल पार्क चौरस कसं?

प्रश्न: न्यूयॉर्क सबवेचा (तिथल्या भुयारी रेल्वेचा) १९७२ चा घडीचा नकाशा मिळाला. त्यात सेंट्रल पार्क चक्क चौरस आणि करड्या रंगाचं आहे. छपाई बिघडलीय का? घड्यांवर फाटतोय, लॅमिनेट करू का?

उत्तर: छपाई मुळीच बिघडलेली नाही. हा इटालियन डिझायनर मासिमो विन्येली यांचा नकाशा, माझा अत्यंत लाडका! प्रत्येक मार्गाला स्वतंत्र पट्टा, प्रत्येक थांब्याला ठिपका, वळणं ४५ किंवा ९० अंशांची. ही रीत हॅरी बेक यांच्या १९३३ च्या लंडन भुयारी रेल्वेच्या नकाशाने रूढ केली. खरं पार्क ४ किलोमीटर लांब नि जेमतेम ८०० मीटर रुंद. पण विन्येलींना मार्ग दाखवायचे होते, जमीन नव्हे. ५० व्या रस्त्यापाशी बघा: ब्रॉडवे या रस्त्यावरचा थांबा आठव्या अव्हेन्यूच्या पश्चिमेला दिसेल. प्रत्यक्षात तो पूर्वेला आहे. लोक वैतागले आणि १९७९ मध्ये भूगोलाला धरून असलेला नकाशा आला. गाडी कुठे बदलायची हे मात्र विन्येलींचा नकाशाच चटकन सांगतो, असं माझं ठाम मत आहे.

लॅमिनेशन अजिबात नको; चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेपही नको, त्याचा डिंक कागद पिवळा करतो. घड्या उघडून आम्लमुक्त कागदात सपाट ठेवा, उन्हापासून लांब.