वसतिगृहाला देणगी देताना पावतीवर काय लिहून घ्यायचं

ताई, तुमच्या घरच्या ट्रस्टला भाडं आणि व्याज मिळून वर्षाला १२ लाख येतात, त्यातले ६ लाख मुलींच्या वसतिगृहाला द्यायचेत आणि ते म्हणतायत, "कॉर्पसमध्ये द्या". कॉर्पस म्हणजे मूळ रक्कम न खर्चता राखून ठेवायचा कायम निधी. देणगी जरूर द्या, पण कॉर्पस म्हणून देऊ नका.

करमाफी टिकवायची तर उत्पन्नातले ८५ टक्के, म्हणजे तुमचे १० लाख २० हजार, ट्रस्टच्या उद्देशांवर खर्ची पडावे लागतात. दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला दिलेली देणगी खर्चात धरतात, पण आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तिचे ८५ टक्केच. तुमचे ६ लाख गेले तरी हिशोबात ५ लाख १० हजार लागतील, उरलेले ५ लाख १० हजार स्वतः खर्च करा. सगळं दुसऱ्या ट्रस्टांमार्फतच करायचं ठरवलंत तर पूर्ण १२ लाख द्यावे लागतील.

कॉर्पस म्हणून दिलं तर हिशोबात शून्य. मग हातात राहिलेल्या ६ लाखांतून १० लाख २० हजारांचा खर्च कुठून दाखवणार? पाच वर्षांपर्यंत पैसे राखून ठेवायचा अर्ज करता येतो, पण तसे राखलेले पैसे दुसऱ्या ट्रस्टला देता येत नाहीत.

आम्ही हे भोगलंय. २०१९ च्या पुरानंतर आमच्या छोट्या ट्रस्टनं एका वाचनालयाला भिजलेली पुस्तकं नव्यानं घ्यायला पैसे दिले. कारकुनानं सवयीनं पावतीवर निळ्या शाईत "कायम निधीकरिता" लिहिलं. चेक देऊन आम्ही चहा पिऊन घरी आलो, पावती कुणी वाचलीच नाही. ऑडिटच्या वेळी सीएंनी त्या दोन शब्दांखाली रेघ मारून कागद पुढं सरकवला. पुस्तकं तर कधीच कपाटात लागली होती, पण आमच्या खात्यात तो खर्च धरला गेला नाही आणि कर भरावा लागला. आमचे ८० वर्षांचे विश्वस्त त्या दिवशी फार खचले होते, ते मला अजून आठवतं.

शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, तेव्हापासून बोर्डिंगला देणं कोल्हापूरकराच्या अंगात आहे. म्हणूनच इथं कागद बघायचं राहून जातं.

माझं मत विचाराल तर थोडा भाग थेट मुलींवर खर्च करा. अर्ज तुम्ही मागवा, मुली तुमच्या ट्रस्टनं निवडाव्यात, ठराव करावा आणि त्यांची मेसची बिलं व फी चेकनं भरावी. ती देणगी नसून तुमचा स्वतःचा खर्च ठरतो, त्यामुळे पूर्ण धरला जातो. फक्त विश्वस्तांच्या नात्यातली मुलगी यादीत नको, त्यावरून तेवढ्या रकमेवर कर आणि दंड लागू शकतो.

देण्याआधी तुमच्या घटनापत्रात इतर संस्थांना मदत करायची तरतूद आहे का आणि वसतिगृहाच्या संस्थेची आयकर नोंदणी चालू आहे का, हे बघा. त्यांच्याकडे तुमचे पैसे उत्पन्न धरले जातात आणि त्यांनाही ८५ टक्क्यांचा नियम लागतो. कॉर्पसचा आग्रह बहुधा त्यासाठीच असेल, त्यात त्यांची काही लबाडी नाही. परदेशातून आलेला निधी तुमच्याकडे असेल तर त्यातला एक रुपयाही पुढं देऊ नका, २०२० च्या दुरुस्तीनं ते बंद केलंय.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून असल्यानं कलमांचे क्रमांक सीएंकडूनच घ्या. पैसे ३१ मार्चच्या आत खरोखर खात्यातून गेले पाहिजेत, वहीत देणं दाखवून चालत नाही. आणि पत्रात व पावतीत एवढं लिहून घ्या: "चालू वर्षातील वसतिगृह खर्चासाठी, कायम निधीसाठी नव्हे."