एजंटची फी आचाऱ्यांकडून घेतली तर?

प्रश्न : न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला आमचं अडीच वर्षांचं रेस्टॉरंट आहे. कोल्हापूरहून दोन आचारी आणायचे आहेत. पहिल्या वर्षी तोटा झाला होता, तरी परदेशी कामगार ठेवण्यासाठी मालक म्हणून लागणारी इमिग्रेशन खात्याची मान्यता मिळेल का? एजंट माणशी दीड लाख रुपये मागतो, ते आचारी स्वखुशीने देतील. करारात ९० दिवसांची ट्रायल ठेवायची आहे, म्हणजे काम पटलं नाही तर त्या काळात काढता येईल.

उत्तर : तोट्यातून वाट निघते, दीड लाखांतून निघत नाही. म्हणून आधी ते.

जाहिरात, एजंटची फी, मान्यतेची आणि जॉब चेकची (परदेशी माणूस घेण्याआधी इमिग्रेशन खातं त्या नोकरीची करतं ती तपासणी) फी, कामाचं प्रशिक्षण हा सगळा खर्च मालकाचा. न्यूझीलंडमध्ये जे पैसे घेणं बेकायदा, ते कोल्हापुरात रुपयांत घेतले तरी मान्यता धोक्यात येते. 'स्वखुशी' कामी येत नाही. न्यूझीलंडच्या १९८३च्या वेजेस प्रोटेक्शन अ‍ॅक्टचं कलम १२अ नोकरीच्या बदल्यात पैसे घेण्यालाच मनाई करतं. पगारातून हप्त्याने वळते करणं किंवा 'दोन वर्षांआधी सोडलंत तर इतके भरा' असा बॉण्ड लिहून घेणं, दोन्ही त्यातच मोडतं. विमानाचं तिकीट आणि स्वतःच्या व्हिसाची फी मात्र आचारी भरू शकतात. एजंटशी लेखी करार करा, बिल तुमच्या कंपनीच्या नावाने घ्या, आणि कुणी पैसे घेतले का हे दोघा आचाऱ्यांना थेट फोन करून विचारा. घेतले असतील तर अर्जाआधी बँकेतूनच परत करवा आणि नोंद जपून ठेवा.

आता तोटा. मान्यतेसाठी धंदा चारपैकी एका कसोटीला उतरला की पुरे : गेल्या २४ महिन्यांत तोटा नाही, गेल्या ६ महिन्यांपैकी प्रत्येक महिन्यात गेलेल्या रोकडीपेक्षा आलेली जास्त, पुरेसं भांडवल, किंवा पटेल अशी दोन वर्षांची योजना. पहिलीत घसारा आणि कर वजा होण्याआधीचा आकडा धरतात. शिवाय तुमचे सुरुवातीचे सहा महिने आता त्या हिशेबात येतच नाहीत, त्यामुळे अकाउंटंटकडून आधी हाच आकडा काढून घ्या. दुसरीत लोक फसतात, कारण तिथे सरासरी चालत नाही. जानेवारीत गिऱ्हाईक सुट्टीवर गेलं आणि एक महिना उणे झाला की ती गेली.

पाच परदेशी कामगारांपर्यंत साधी मान्यता पुरते. पहिल्यांदा ती १२ महिन्यांची असते.

ट्रायलचं कलम काढूनच टाका. २९ ऑक्टोबर २०२३पासून ते करारात असलं की जॉब चेक नाकारला जातो. आठवड्याला किमान ३० तास काम करारात हवं. आचारी मध्येच सोडून गेला तर १० कामकाजी दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवायचं. हे बहुतेक मालक विसरतात.

आणि एजंटला आचाऱ्यांचे व्हिसा अर्ज भरू देऊ नका. तो सल्ला न्यूझीलंडचा वकील किंवा तिथला परवानाधारक इमिग्रेशन सल्लागारच देऊ शकतो, सल्ला भारतात बसून दिला तरीही.