पोरांबरोबर सुट्टीत करायचं काय?

सुट्ट्या लागल्या की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या वडिलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. कुणी चिडून विचारतं, कुणी ओशाळून. "वेळ काढला तरी पोरांबरोबर नेमकं करायचं काय?" आईला हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण ती दिवसभर मुलांबरोबर काही ना काही करतच असते. बाबाच्या वाट्याला मात्र 'मजा' येते, आणि ठरवून मजा करायची म्हटली की भल्याभल्यांना घाम फुटतो. अशाच एका घराबद्दल लिहिते आहे. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला आपण चिऊ म्हणू.

चिऊ नऊ वर्षांची, चिंचवडला राहणारी. वडील चाकणला एका कारखान्यात सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनवर, तिन्ही शिफ्टमध्ये. मूळ गाव जुन्नर तालुक्यातलं. आधी आई एकटीच आली. "हे घरी असले की पोरगी गप्प असते. हे कामावर गेले की बडबड सुरू. परवा म्हणाली, पप्पांची सेकंड शिफ्ट असली की बरं वाटतं. ह्यांनी ऐकलं ते. त्या दिवशी जेवले नाहीत."

असं काही कानावर आलं की आधी एकच गोष्ट तपासायची असते, मुलाला घरात भीती वाटते का. म्हणून मी चिऊशी एकटीशी बोलले. मार नाही, दारू नाही, आरडाओरडा नाही. तिची तक्रार साधी होती. "पप्पा झोपलेले असले की आवाज करायचा नाही. आणि उठले की म्हणतात, पाढे म्हण." जिथे खरोखरची भीती असते, तिथे खेळ आणि सहली सुचवणं हा मुलावर अन्यायच आहे. तिथे आधी मारणं थांबलं पाहिजे. मूल धोक्यात असेल तर 1098 हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ हवा. या घरात तसं काही नव्हतं. इथे वडील आणि मुलगी एकमेकांना नीट ओळखतच नव्हते.

पुढच्या भेटीत वडील आले. शर्ट इस्त्रीचा, हातात मोबाईल. बसल्या बसल्या म्हणाले, "मॅडम, सुट्टीत काय काय करायचं ते सांगा, मी लिहून घेतो. मी कमी पडत नाही. मागच्या वर्षी वॉटर पार्कला नेलं, तीन हजार गेले. ही तिथे रडत बसली, पाणी नाकात गेलं म्हणून. मॉलला नेलं, तर घरी कधी जायचं विचारते."

मी यादी दिली नाही. यादी घेऊन गेलेला बाबा एकेक गोष्ट उरकत सुटतो आणि मुलाला ते लगेच कळतं. मी त्यांना त्यांच्या वडिलांबद्दल विचारलं. तुमचे वडील तुमच्याशी खेळायचे का?

ते हसले. "खेळायला कुठला वेळ? रात्रीची लाइट असायची. शेताला पाणी द्यायला, दारं धरायला जायचे, मला बरोबर न्यायचे. मी बॅटरी धरायचो. एकदा पाट फुटला, तर म्हणाले, तू इथं माती लोटत ऱ्हा, मी वरून पाणी बंद करून येतो. अंधारात एकटा उभा होतो मी."

"किती वर्षांचे होतात?"

"असेन आठ-नऊ."

"भीती नाही वाटली?"

"वडील होते ना वर," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आमचं पुढचं सगळं काम त्या बॅटरीवरून सुरू झालं. त्यांच्या वडिलांनी त्यांचं मन रमवायला काहीच केलं नव्हतं. फक्त बॅटरी हातात दिली होती, आणि ती नीट धरली नाही तर वडिलांना दिसणार नव्हतं. मुलाला बापाजवळ हेच हवं असतं, आपल्यावाचून अडेल असं छोटंसं काम आणि ते करताना शेजारी उभा असलेला बाप. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या परिसरात कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. मीही वडिलांना तेच सुचवलं. चिऊसाठी वेगळी मजा शोधत बसू नका, तुम्ही सुट्टीच्या दिवशी जे करता त्यातच तिला घ्या.

"मी काय करतो? झोपतो. गाडी धुतो. काही बिघडलं तर दुरुस्त करतो."

चिऊची सायकल दिवाळीपासून पार्किंगमध्ये पंक्चर होऊन पडली होती. दुकानात नेऊ नेऊ म्हणता राहून गेली होती. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत दोघांनी मिळून ती दुरुस्त करायची, असं ठरलं. अटी माझ्या होत्या. फोन घरात ठेवायचा. प्रश्न विचारून परीक्षा घ्यायची नाही. आणि चिऊला जे जमेल त्याला हात लावायचा नाही.

ही तिसरी अट सगळ्यांत अवघड असते, कुशल कारागिराला तर फारच. डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस या मानसशास्त्राच्या अभ्यासकांचा 1976 सालचा एक अभ्यास मी अशा वडिलांना सांगते. लहान मुलं लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचताना शेजारच्या मोठ्या माणसाने मदत कशी करावी, ते त्यांनी पाहिलं. मुलाला न झेपणारा भाग मोठ्याने सांभाळायचा, बाकीचं मुलाला करू द्यायचं आणि ते अडलं तरच पुढे व्हायचं. इमारत बांधताना बाहेरून परांची बांधतात ना, त्यावरूनच त्यांनी या मदतीला नाव दिलं. भिंत उभी राहिली की परांची काढून घ्यायची.

त्या रविवारी काय घडलं, ते पुढच्या भेटीत दोघांनी मिळून सांगितलं, एकमेकांना तोडत. सायकल सीटवर उलटी उभी केली. टायर रिममधून उचकटायला जोर लागतो, ते पप्पांनी केलं. ट्यूब चिऊने ओढून काढली. पंपाने हवा भरली आणि ती परातीतल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत गेली. "आधी काहीच नव्हतं. मग एकदम बुडबुडे! बारीक बारीक, एका रेषेत," चिऊ म्हणाली. ट्यूब पुसून पेनाने खूण केली. टायरच्या आत काही रुतलंय का ते पप्पांनी बोटाने हळूहळू चाचपून पाहिलं, तर तुटलेली टाचणी निघाली. मग पॉलिश पेपर. चिऊ घासतच राहिली. वडील मला म्हणाले, "मॅडम, माझे हात नुसते शिवशिवत होते. दहा सेकंदांचं काम, पण गप्प बसलो." तिने सोल्युशन लावलं आणि लगेच पॅच चिकटवला. तो सुटला. सोल्युशन जरा वाळून चिकट व्हावं लागतं, मगच पॅच बसतो. वडिलांना हे माहीत होतं, तरी ते बोलले नाहीत. सुटलेला पॅच बघून चिऊनेच विचारलं, "असं का झालं?" तेव्हा त्यांनी सांगितलं. दुसऱ्यांदा दोघंही ट्यूबकडे बघत थांबले. त्या तीन-चार मिनिटांत चिऊने वर्गातल्या एका मुलीशी झालेलं भांडण सांगून टाकलं. पाढे विचारून महिनोन्महिने जे बाहेर आलं नव्हतं, ते सोल्युशन वाळेपर्यंत आलं.

यात समोरासमोर बसून 'बोल ना बाळा' करावं लागत नाही, हा फायदा फार मोठा आहे. डोळे कामावर असतात, म्हणून जीभ सैल होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तर मी वडिलांना खुर्चीवर बसवून बोलूच नका म्हणते. पहाटे निघा आणि उन्हं तापायच्या आत सिंहगड चढून या, मुलगा पुढे, तुम्ही मागे. नाहीतर दोघं मिळून गाडी धुवा. तो बोलेलच असं नाही, पण बोलायचं असेल तर तिथे बोलेल.

चिऊच्या घरी पुढचा रविवार फसला. पहिल्या यशाने वडिलांना हुरूप आला आणि त्यांनी चेन, गिअर, ब्रेक असा वर्गच भरवला. चिऊ पाणी प्यायला म्हणून गेली ती परत आली नाही. हे होणारच. बापाला जे येतं ते पोराला द्यायची घाई असते, त्यात प्रेमच असतं. मी एवढंच सांगितलं, तिने विचारल्याशिवाय काही शिकवायचं नाही, आणि विचारलं तर दोन वाक्यांत संपवायचं.

दुसरी अडचण घरातूनच आली. पहिल्या रविवारी आई मधूनमधून गॅलरीतून वाकून सांगत होती, "अहो, तिला ग्रीस लावू नका, ड्रेस नवा आहे," "तिला उन्हात किती वेळ बसवताय?" या बाईने नऊ वर्षं मुलीचं सगळं एकटीने केलं होतं. तिच्या सूचना काळजीतून येत होत्या, आणि बहुतेक बरोबरही होत्या. पण बाबाच्या प्रत्येक हालचालीवर दुरुस्ती येत राहिली की तो चार दिवसांत हात काढून घेतो आणि घरात पाहुणा होऊन बसतो. तासभर तुम्ही घराबाहेर जा, असं मी तिला सांगितलं. तिला ते सोपं गेलं नाही. मग ती बहिणीकडे जाऊ लागली. परत आल्यावर चिऊच्या फ्रॉकवर ग्रीस असायचं, आणि तिने ते चालवून घेतलं. या सगळ्यात आईच्या या वाट्याची मला सगळ्यांत जास्त कदर वाटते.

मे महिन्याच्या मध्यावर वडिलांची सेकंड शिफ्ट होती, म्हणजे दुपारी तीनपर्यंत ते घरी. तेव्हा मी शून्य सावलीचा दिवस सुचवला. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या गावांवर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि त्या क्षणी सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली जाते. पुण्यात हे मेच्या 13-14 तारखेच्या सुमारास दुपारी साडेबाराला होतं. कोल्हापुरात आठवडाभर आधी, मुंबईत एक-दोन दिवसांनी, नागपुरात 26 मेच्या आसपास. दुसरी वेळ पावसाळ्यात येते, तेव्हा ढगांनी बहुधा काही दिसत नाही. यासाठी लागते ती सपाट फरशी, सरळ उभा राहणारा डबा आणि टोपी. सूर्याकडे वर बघायचं नाही, नजर खाली ठेवायची. चिऊने गच्चीत स्टीलचा डबा ठेवला आणि पाच-पाच मिनिटांनी जाऊन खडूने सावलीची कड आखली. वडील जिन्याच्या सावलीत घड्याळ घेऊन बसले. साडेबाराच्या सुमाराला डब्याभोवती काही उरलंच नाही. मग दोघं स्वतः उभे राहिले. पप्पांची सावली त्यांच्या पोटाखाली गेली म्हणून चिऊ इतकी हसली की खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, आणि मग त्यांचीही सावली शोधणं झालं.

गावी विहीर होती. वडिलांना वाटत होतं, आपण जसे पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलो तशी हीही शिकेल. मी आधी वॉटर पार्कची आठवण करून दिली. पाणी नाकात गेलेलं मूल वर्षभर ते विसरत नाही. ती या सुट्टीत पोहायला शिकली नाही. घरच्या पायऱ्यांच्या विहिरीत वडील छातीभर पाण्यात उभे, ती पायरीवर कमरेइतक्या पाण्यात, पाठीला प्लॅस्टिकचा कॅन, आणि कायम वडिलांच्या हाताच्या अंतरावर. शेवटी शेवटी ती पाय मारायला लागली, इतकंच, आणि तेवढं पुरे होतं. दर मे महिन्यात खाणीत, धरणात, ओळख नसलेल्या विहिरीत मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. ज्या पाण्याचा तळ तुम्हाला ठाऊक नाही त्यात मुलाला उतरवू नका, आणि स्वतःला पोहता येत नसेल तर हा बेत सोडून द्या.

बेताची काही कमी नाही. उन्हाळा म्हणजे वाळवणांचे दिवस. कुरडयांचा चीक घोटायला मनगटात जोर लागतो, तो बाबाचा असू दे. सोऱ्या दाबायचं आणि कावळे हाकलायचं काम मुलांचं. कैऱ्या उकडून पन्हं करा, त्यात गूळ किती घालायचा ते मुलाला चव घेऊन ठरवू द्या. भोवऱ्याला जाळी गुंडाळायला बसा, दोन दिवस हात वळणार नाही, नंतर वळेल. पैसे जवळजवळ लागत नाहीत. जे वडील ट्रकवर किंवा परदेशात असतात, त्यांना मी व्हिडिओ कॉलवर नुसतं 'जेवलास का' विचारू नका म्हणते. दोघांनी दोन ठिकाणी एकाच वेळी एकच गोष्ट करावी, कागदाचं विमान, लिंबाचं सरबत, काहीही, आणि एकमेकांना दाखवावं.

जूनमध्ये चिऊची शाळा सुरू होण्याआधी तिघं आले. वडिलांची काळजी आता वेगळी होती. "शाळा आणि शिफ्ट, परत गाडी रुळावरून जाईल." चिऊची शाळा दुपारची. आम्ही शिफ्टचा तक्ता समोर ठेवला. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी शाळेआधी अर्धा तास, फर्स्टच्या आठवड्यात संध्याकाळी. नाइटच्या आठवड्यात काहीच ठरवायचं नाही. झोप न झालेल्या माणसाकडून मुलाला चिडचिडच मिळते, त्यापेक्षा तो आठवडा मोकळा सोडलेला बरा. मात्र नाइटचा आठवडा कधी संपतो, हे चिऊला आधीपासून माहीत हवं. तो तक्ता फ्रिजवर लावायचं आणि दर आठवड्याला भरायचं काम तिने स्वतःकडे घेतलं, आणि पहिल्या मोकळ्या रविवारसमोर तिथेच लिहिलं, 'मागचा ब्रेक'.